जागा कुठे निघाली, हे वेळेत कसं कळेल?

नोकरीच्या पोर्टलवर जाहिरात दिसली की लगेच अर्ज टाकू नका. आधी त्या कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर ‘करिअर्स’ हे पान उघडून तीच जागा तिथे आहे का ते बघा. बऱ्याचदा जागा केव्हाच भरलेली असते, पोर्टलवर जाहिरात मात्र तशीच पडून राहते.

शोधताना एकाच पदनामावर अडून बसू नका. हिशेबाचंच काम कुठे ‘अकाउंट्स असिस्टंट’ म्हणून निघतं, कुठे ‘बिलिंग एक्झिक्युटिव्ह’, तर कुठे ‘फायनान्स असोसिएट’. प्रत्येक नावाचा वेगळा जॉब अलर्ट लावा. लिंक्डइनवर गेल्या 24 तासांतल्या जाहिराती वेगळ्या काढता येतात. रोज तेवढ्या चाळल्या तरी पुरे.

जुन्या सहकाऱ्यांना विचारायला अजिबात संकोच नको, कारण कितीतरी जागा जाहिरात न देताच भरल्या जातात. फक्त “काही असेल तर सांग” असं मोघम बोलू नका. कुठलं काम हवंय, अनुभव किती, कधी रुजू होऊ शकता, हे दोन ओळींत लिहून बायोडेटा जोडा, म्हणजे त्यांना तो मेसेज तसाच पुढे पाठवता येतो. नोंदणीसाठी किंवा मुलाखतीसाठी कुणी पैसे मागितले, तर तिथेच थांबा.