पाचारणाची साक्ष कशी लिहावी

ईशशास्त्राच्या (ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या) प्रशिक्षणासाठी अर्ज करताना बालपणीच्या मंडळीपासून (चर्चपासून) पाचारणापर्यंतचा, म्हणजे देव सेवेसाठी बोलावत असल्याच्या जाणिवेपर्यंतचा, प्रवास साक्ष म्हणून लिहावा लागतो, तेव्हा आरंभ संडे स्कूलमध्ये पाठ केलेले वचन किंवा घरातील संध्याकाळची प्रार्थना अशा ठोस आठवणीने करावा. बाप्तिस्मा आणि दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर आपला विश्वास स्वतः जाहीरपणे कबूल करण्याचा विधी) यांचा उल्लेख मात्र स्पष्ट असावा. १९७० साली नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात बालबाप्तिस्मा आणि प्रौढ बाप्तिस्मा दोन्ही मान्य असल्याने, विश्वास स्वतःहून कधी कबूल केला हे केवळ दाखल्यावरून कळत नाही.

सर्वाधिक जागा मधल्या वर्षांना द्यावी. शंका, महाविद्यालयीन काळातील दुरावा, उपासनेला जाऊनही मन न लागणे, हे सारे लिहिणारे सहसा गाळतात आणि माझ्या मते साक्ष तिथेच निर्जीव होते. मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला, पण मिशनपासून वेगळे होऊन ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ उभारण्याचे पाऊल त्यांनी १९१७ मध्ये उचलले. इतका दीर्घ शोध साक्षीत दिसला तर त्यात कमीपणा नाही.

पाचारणाविषयी लिहिताना अंतरीच्या ओढीसोबतच मंडळीने आपल्यात काय पारखले, कोणती सेवा सोपवली आणि ती कशी निभावली, हेही नोंदवावे. (शिक्षकी किंवा परिचर्या हेही पाचारण असू शकते, हे विसरू नये.) शास्त्रवचने एक-दोनच घ्यावीत. मसुदा पाळकांना दाखवून, त्यांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे त्यात घालूनच तो पाठवावा.