भाड्याचं घर घेताय? टोकन द्यायच्या आधी अर्थिंग तपासा

बडोद्यात घर बघायला गेलं की ब्रोकर गॅलरी दाखवतो, मॉड्युलर किचन दाखवतो आणि सल्ला देणारे सांगतात नळ सोडून बघा, पाणी किती वाजता येतं विचारा. ते बघाच. पण वायरिंगचं विचारलं की सगळ्यांचं एकच, "एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) आहे ना, मग काय टेन्शन." अहो, एमसीबी असते वायर जळू नये म्हणून, माणसाला शॉक लागला तर ती पडेलच असं नाही, तेवढा करंट तिच्या खिजगणतीतही नसतो.

तळमजला असेल तर आधी शेजाऱ्यांना विचारा, ऑगस्ट 2024 च्या पुरात विश्वामित्री नदीचं पाणी कुठवर आलं होतं. मीटर आणि बोर्ड त्या खुणेच्या वर हवेत. समा, फतेगंज, कारेलीबागकडे बघत असाल तर हे विचारल्याशिवाय पुढे जाऊच नका.

गॅस गिझर बाथरूमच्या आत असेल तर बाहेर काढून द्या म्हणायचं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, यात तडजोड नाही.

मग मेन बोर्ड उघडा आणि ईएलसीबी शोधा, म्हणजे करंट कुठे गळला की लाइट तोडणारा स्विच; हल्लीची आरसीसीबी म्हणजे तेच काम करणारी. तिच्यावर 30 एमए (मिलिअँपिअर) लिहिलेलं हवं आणि टी लिहिलेलं बटण दाबलं की खटकन पडली पाहिजे. नाही पडली तर बदलून घ्या.

आता खरी गोम. टी बटणाने पडली म्हणजे अर्थिंग, म्हणजे गळलेला करंट जमिनीत नेणारी वायर, आहे असं अजिबात नाही, ते बटण अर्थिंग नसतानाही काम करतं. हे माझ्या डोक्यात बसायला बराच वेळ लागला कारण भले भले वायरमनसुद्धा उलटंच सांगतात. अर्थिंग वेगळंच तपासावं लागतं, आणि ते वायरमनकडूनच करून घ्या, तुम्ही फक्त बाजूला उभं राहून आकडे बघा. मल्टिमीटर एसी 750 व्होल्टवर, लाल वायर अँपिअरच्या भोकात नाही ना ते आधी बघायचं. प्लगमध्ये उजवीकडे फेज (करंट येणारी वायर), डावीकडे न्यूट्रल (परत जाणारी), वरचं मोठं भोक अर्थचं. फेज-न्यूट्रल 230 च्या आसपास, फेज-अर्थही जवळपास तेवढंच यायला हवं. तिथे 60, 90 असं काहीतरी हलतं आलं तर अर्थची वायर कुठेतरी लटकतेय, जमिनीपर्यंत गेलेलीच नाही.

आणि आकडे अगदी छान आले तरी थांबा, कारण दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या जुन्या घरांत काय, नव्या फ्लॅटमध्ये काय, एक जुगाड चालतो: अर्थ नसेल तर प्लगच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्याने जोडून टाकायचे. तीन लाइटवाला टेस्टरही मग सगळं ओके दाखवतो. पण उद्या न्यूट्रल तुटला की फ्रीजच्या, वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर थेट फेज येतो, आणि ओल्या हाताने दार उघडणारा घरातलाच कोणीतरी असतो. म्हणून इस्त्री चालू ठेवून त्याच बोर्डवर न्यूट्रल-अर्थ मोजायला लावा. एक-दोन व्होल्ट आले तर ठीक, लोड असूनही ठार शून्य असेल तर मेन बंद करून बोर्ड खोलायला सांगा आणि तो तुकडा स्वतःच्या डोळ्यांनी शोधा. "ईएलसीबी सारखी पडते म्हणून बायपास केली" असं कोणी सांगितलं तर त्यामागेही बऱ्याचदा हाच तुकडा किंवा खराब गिझर निघतो. सारखी पडते म्हणजे गळती आहे, काढून टाकणं हा उपाय नव्हेच.

घरमालक म्हणतील खर्च तुम्ही करा. केंद्राच्या 2021 च्या मॉडेल टेनन्सी ॲक्टच्या यादीत वायरिंगचं काम मालकाकडे आणि स्विच-सॉकेटची दुरुस्ती भाडेकरूकडे आहे. राज्यांनी तो स्वीकारला तरच लागू होतो, पण बोलताना आधार चांगला मिळतो. मालक काकांना शांतपणे सांगा, "अर्थिंगचा खड्डा करून सळई टाकायला फार खर्च येत नाही आणि ते अर्थिंग तुमच्याच घरात राहणार आहे." ॲग्रीमेंट अकरा महिन्यांचं असलं तरी "ईएलसीबी व अर्थिंग चालू स्थितीत दिले" ही ओळ टाकून घ्या, आणि बोर्डाचे फोटो त्याच दिवशी मालकांना व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा.