नव्या रंगाचा वास आणि नागपूरचा उन्हाळा

घराला रंग दिला किंवा प्लायवूडचं कपाट आणलं, की आठवडाभर वास जाणवतो. मग नाकाला सवय होते, पण वाफा थांबलेल्या नसतात. प्लायच्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड (एक अपायकारक वायू) कित्येक महिने निघत राहतं, आणि उकाड्यात जास्तच. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा बंद खोलीत ते साचतं.

इथे एसीपेक्षा आपला वाळ्याचा कूलर बरा. खिडकीत बसवलेला कूलर बाहेरची हवा आत ढकलतो. फक्त समोरची खिडकी उघडी ठेवा. घरातला एसी बहुतेक वेळा तीच हवा फिरवतो. एअर प्युरिफायर घेणार असाल तर अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनचा, म्हणजे वायू शोषणाऱ्या कोळशाचा, जाड थर आहे का, हे आधी विचारा. हेपा फिल्टर धूळ अडवतो, वायू नाही.

हवेतल्या अशा वाफा मोजणाऱ्या स्वस्त व्हीओसी मीटरला कोणता वायू आहे ते कळत नाही. अगरबत्ती लावली तरी आकडा उडी मारतो. म्हणून रात्रभर खोली बंद ठेवून पहाटे एक रीडिंग घ्या, खिडक्या उघडून अर्ध्या तासाने दुसरं. आकडा झपाट्याने उतरला, तर वाफा घरातल्याच.

आणि तान्ह्या बाळाचा पाळणा नव्या कपाटाच्या खोलीत नकोच.