वीज वाचवायची? आधी खरेदी थांबवा! कारखान्यात हमखास होणाऱ्या चुका

बिल वाढलं की छोट्या कारखान्याचा मालक पहिला फोन लावतो तो विक्रेत्याला. एलईडी लावू, सोलर बसवू, नवा कॉम्प्रेसर (हवा दाबून भरणारं मशीन) घेऊ. शॉप, म्हणजे मशीनचा विभाग, बंद झाल्यावरही मीटर किती पळतोय, हे बघायला मात्र कुणी थांबत नाही.

हवा फुकटची समजणं

ही चूक मला सगळ्यात जास्त सलते. कॉम्प्रेसरने खाल्लेल्या विजेतली बहुतेक उष्णता होऊन निघून जाते, म्हणून दाबाखालची हवा फार महाग पडते. तरीही एअर गनने बेंच झाडतात, कपडे झाडतात, घामसुद्धा वाळवतात! हवेच्या 7 बारच्या (बार म्हणजे दाबाचं माप) लाइनला 3 मिमीचं भोक असेल, तर तेवढ्यातूनच साधारण 3 किलोवॅट वाया जातात.

भोसरीतल्या एका प्रेस शॉपमध्ये शेवटच्या मशीनपर्यंत प्रेशर पोचत नव्हतं. फोरमनने सेटिंग एक बारने चढवून ठेवलं होतं. एका बारमागे वीज सहा-सात टक्के जास्त लागते आणि गळतीही वाढते, पण तिकडे लक्ष कोण देतो? मालकांनी मोठ्या कॉम्प्रेसरचं कोटेशन मागवलं होतं. "साहेब, ऑर्डर द्यायचीच आहे, तुम्ही फक्त साइज सांगा," म्हणाले. मी गुरुवारच्या सुट्टीत शॉप उघडायला लावलं. एकही मशीन चालू नव्हतं, तरी कॉम्प्रेसर सारखा लोडवर येत होता, म्हणजे हवा भरत होता. लोड आणि अनलोडच्या (हवा न भरण्याच्या) वेळा घड्याळ लावून लिहिल्या. एकूण वेळेतला जेवढा हिस्सा लोडचा, कॉम्प्रेसरच्या क्षमतेतली तेवढी गळती. तिथे ती एक तृतीयांशाच्या वर निघाली. मग साबणाचं पाणी घेऊन सगळी लाइन पालथी घातली. कपलरचे (नळीच्या जोडांचे) वॉशर झिजलेले, होज (रबरी नळ्या) तारेने आवळलेले, आणि पाणी काढायचा ड्रेन कॉक कायमचा अर्धा उघडा, कारण रोज उघडायचा कंटाळा. किरकोळ सामानात काम भागलं. प्रेशर खाली आणलं आणि नव्या कॉम्प्रेसरचा विषय मिटला.

मी हा हिशेब दर महिन्याच्या एका सुट्टीला करतो. गळती दहा टक्क्यांवर गेली की साबणाची बादली बाहेर. शिवाय प्रत्येक मशीनच्या आधी एक बॉल व्हॉल्व्ह हवाच. मशीन बंद तर हवा बंद.

एसी 18 वर ठेवणं

साधा (इन्व्हर्टर नसलेला) एसी 18 वर लावा नाहीतर 24 वर, खोली त्याच वेगाने थंड होते. 18 वर तो थांबायचं नाव घेत नाही, एवढाच फरक. बीईईच्या (केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या) अंदाजाने एका अंशामागे सुमारे 6 टक्के वीज जाते. म्हणूनच 2020 पासून स्टार लेबलच्या नव्या एसींना मुळात 24 चं सेटिंग दिलेलं असतं. मी 25 वर लावतो आणि पंखा मंद ठेवतो. फिल्टर पंधरवड्याला धुवायचा. वर्षभर फिल्टर न काढता "गॅस कमी झालाय" म्हणणाऱ्यांना काय सांगणार!

आणखी काही

प्लगमध्ये खोचायची "पॉवर सेव्हर" पेटी ही शुद्ध फसवणूक आहे. घेऊ नका.

विजेच्या पॅनेलमध्ये पॉवर फॅक्टर सुधारणारे कपॅसिटर बसवलेत म्हणजे ते चालू आहेत, असं नाही. बिलावरचा पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतली किती खरोखर कामी लागते, त्याचं माप) दर महिन्याला वाचा. घसरला की पॅनेल उघडून फुगलेले कपॅसिटर शोधा.

वॉटर कूलर रात्री बंद करा.

वीजबचतीचं दोन दिवसांचं शिबिर करून आलेला नवा इंजिनिअर पहिल्याच आठवड्यात सेन्सरची यादी काढतो. त्याने आधी एक पाळी बटणं नुसती मोजावीत. कुठलं बटण कुठल्या दिव्याचं, हेच निम्म्या शॉपला ठाऊक नसतं. बटणांवर रंगाने नावं लिहिली तरी पुष्कळ दिवे आपोआप बंद व्हायला लागतात.

सोलरला माझा विरोध नाही. पण गळतीसकट मोजलेल्या खपावर प्लांटचा आकार ठरवला, तर त्यातली काही पॅनेल निव्वळ गळतीसाठीच विकत घेतली जातात. गळती बंद केल्यानंतरची निदान तीन बिलं हातात येऊ द्या, मग छपराचं माप घ्या.