बाझेलात नोकरी, जर्मनीत घर: पहिल्या पगाराआधीची तयारी

नोकरी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला आणि बिऱ्हाड सीमेपलीकडे जर्मनीतल्या लोराखला, असं ठरत असेल तर सगळ्यात आधी परवान्याचं पाहा. भारतीय पासपोर्टवर जी परवाना, म्हणजे सीमेपलीकडून रोज कामाला येणाऱ्यांचा स्विस परवाना, मिळायला जर्मनीत कायम वास्तव्याचा हक्क लागतो, शिवाय सीमाभागात किमान 6 महिने राहिलेलं असावं लागतं. तो हाती येईपर्यंत जर्मनीतली नोकरी सोडू नका.

मग फिनान्सआम्टकडून, म्हणजे तिथल्या कर कार्यालयाकडून, ग्रे-1 हा रहिवासाचा दाखला घ्या आणि पहिल्या पगाराआधी कंपनीत द्या. तो दिला की स्वित्झर्लंड एकूण पगारावर जास्तीत जास्त 4.5 टक्के कर कापतं.

आता नीट वाचा. 7000 फ्रँक पगारातून 315 फ्रँक कर जातो, वृद्धापकाळ आणि बेकारी विम्याचे मिळून 448 जातात, पेन्शन फंड वेगळा. उरलेली रक्कम भरघोस दिसते, पण ती सगळी तुमची नाही. मुख्य कर जर्मनीचा. स्विस कर त्यातून वजा मिळतो, बाकीचा कंपनी कापत नाही, तुम्हीच भरायचा. पहिलं विवरणपत्र जाईपर्यंत कदाचित कुणी मागणारही नाही, आणि मग मागच्या वर्षाचा कर व पुढच्या कराचे आगाऊ हप्ते एकदम येतात. आम्ही त्याच पैशांतून चौघांची पुण्याची तिकिटं काढली होती; नोटीस आल्यावर आठ महिने ओढाताण झाली. म्हणून पहिल्या महिन्यापासून वेगळं खातं ठेवा. फिनान्सआम्टला स्वतःहून पत्र लिहून हप्ते लावून घ्या: 10 मार्च, 10 जून, 10 सप्टेंबर, 10 डिसेंबर. कर युरोत भरायचा असतो, तेव्हा फ्रँकचा भावही धरा.

नवरा-बायकोने एकत्र विवरण भरलं तर, विशेषतः एकाचीच कमाई असताना, कर बराच कमी होतो. पण जोडीदार अजून भारतातच राहत असेल तर ही सवलत धरून हिशेब मांडू नका.

आरोग्य विम्याची निवड 3 महिन्यांत करायची असते. स्विस विम्यात मुलांसकट प्रत्येकाचा हप्ता वेगळा. जर्मन सरकारी विम्यात कमाई नसलेला जोडीदार आणि मुलं तुमच्याच हप्त्यात येतात, मात्र कंपनी त्यात वाटा देत नाही. दोन्हींचे आकडे कुटुंबासाठी मांडा, एकट्यासाठी नको. मुलांचा भत्ता कोणता देश देणार हे जोडीदार कुठे काम करतो यावर ठरतं. स्वित्झर्लंड आणि युरोपीय संघातला करार भारतीय पासपोर्टला तसाच लागू होत नाही, म्हणून भत्ता आणि विमा दोन्हींबद्दल लेखी विचारून घ्या.

शेवटचं, एक वही. कामामुळे घरी परतता आलं नाही अशी प्रत्येक रात्र तारखेसह लिहा. पूर्णवेळ नोकरीत वर्षात अशा 60 हून जास्त रात्री झाल्या तर 4.5 टक्क्यांची मर्यादा जाते.