मुलीच्या तपासणीला जाण्यापूर्वीची तयारी

माझी मुलगी २० वर्षांची आहे आणि शाळेत असल्यापासून तिला टाइप १ मधुमेह आहे. गेल्या वर्षी तिच्या वहीतले शुगरचे आकडे दीडशेच्या आसपास होते. रक्ताच्या एचबीए१सी या तपासणीत मात्र १० आले, म्हणजे शुगरची दोन-तीन महिन्यांची सरासरी साधारण २४०. वहीतले आकडे तिने मनानेच लिहिले होते. डॉक्टरांनी तिला कारण विचारले आणि उत्तरे मी देत राहिले. ती चूक दुसऱ्या कोणा आईवडिलांकडून होऊ नये, म्हणून हे लिहीत आहे.

फाइल आणि जुने रिपोर्ट घ्यावेतच. ग्लुकोमीटरही न्यावा, कारण त्याच्या मेमरीत आकडे तारीख-वेळेसह राहतात. मात्र तो मुलीच्या बॅगेतून गुपचूप काढून पाहू नये, तिने स्वतः डॉक्टरांना दाखवावा. आपणच लपवाछपवी केली, तर तिला खरे बोलायला कोणत्या तोंडाने सांगणार?

आता मी विसरले ती गोष्ट. डॉक्टरांच्या खोलीबाहेर बसायचे, हे घरूनच ठरवून निघा. मुलीला सांगा, तिच्या संमतीने डॉक्टरांनाही आधी कळवा, आणि बाहेर बसा. 'मी आत थांबते, पण बोलणार नाही' हा मध्यममार्ग काढू नका. आई समोर असेपर्यंत मुलगी आईला पटेल तेच बोलते. पुढच्या भेटीत मी बाहेर बसले, तेव्हा ठाण्याला परतताना रिक्षात तिने आपणहून सांगितले, की वाशीच्या कॉलेजात सर्वांसमोर पोटात सुई टोचण्याचा संकोच वाटत असल्यामुळे ती दुपारचे इन्सुलिन टाळत होती, आणि आकडा मोठा निघाला की घरी काय खाल्लेस याची उलटतपासणी सुरू होई, म्हणून तो कमी करून लिहीत होती. ती उलटतपासणी माझी होती. म्हणून पुन्हा सांगते, बाहेर बसा.

मोठा आकडा ऐकल्यावर तोंडातून पहिले वाक्य कोणते निघेल, तेही ठरवून ठेवा. 'सांगितलेस ते बरे केलेस, आता डोस बघू' एवढे पुरे. 'का केलेस?' नको.

शुगर वाढलेली असताना उलट्या, पोटदुखी, धाप किंवा श्वासाला फळासारखा वास जाणवला, तर खरे-खोटे करत बसू नका, ताबडतोब रुग्णालय गाठा. शुगर ७० च्या खाली आणि मूल शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. मन खचलेले वाटल्यास टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक तिच्याच फोनमध्ये असू द्या. तपासणीच्या आदल्या रात्री आकड्यांचा विषय काढू नका. आणि बाहेर बसताना दाराला लागून असलेली खुर्ची घेऊ नका.