सोनोग्राफी एकमेकांना शिकवताय? आधी या चुका टाळा

सरांसमोर जे विचारायला जीभ रेटत नाही, ते हॉस्टेलच्या दादाला बिनधास्त विचारता येतं. म्हणून मेडिकलच्या सिनियरनं ज्युनियरला प्रोब, म्हणजे सोनोग्राफीत अंगावर टेकवून फिरवायचा भाग, धरायला शिकवावं, याच मताचा मी आहे. पण इथे कोल्हापुरात बॅचमागून बॅच त्याच त्या चुका करते.

सगळ्यात वाईट खोड म्हणजे "दे इकडं, दाखवतो." किडनी सापडायला जरा वेळ लागला की शिकवणारा प्रोब हिसकावतो, झटक्यात झकास चित्र आणतो आणि म्हणतो, "बघ, सोपं हाय की!" ज्युनियर कोरा तो कोराच. मी हात पाठीमागे बांधून उभा राहतो. सरकव, तिरका कर, फिरव, दाब, एवढंच बोलतो, आणि एका वेळी एकच. दोन हालचाली एकदम केल्या की चित्र कशामुळे बदललं ते कळत नाही. वेळ लागतो. लागू दे.

दुसरी चूक मार्करची, म्हणजे प्रोबच्या एका बाजूवरच्या खुणेची. उभ्या छेदात डोक्याकडे, आडव्यात रुग्णाच्या उजवीकडे, हे सगळ्यांना पाठ. स्क्रीनवरची तिच्या जोडीची खूण मात्र कुणी बघत नाही. एकदा आधीच्या कुणीतरी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून मशीन कार्डियाक प्रीसेटवरच, म्हणजे हृदयासाठीच्या सेटिंगवरच, सोडलं होतं. त्यात खूण स्क्रीनच्या उजवीकडे जाते. पोटाचा आडवा छेद घेतला, तर यकृत भलत्याच बाजूला! शिकवणाऱ्या भावानं छातीठोकपणे 'सायटस इन्व्हर्सस' (अवयव आरशातल्यासारखे उलट बाजूला) जाहीर केलं, पोरांनी मोबाइल काढले, टेबलावरचा गडी पांढराफटक. मी त्याच्या छातीवर हात ठेवला, ठोका डावीकडेच. प्रीसेट बदलला, यकृत जागेवर आलं. जेल लावलं की आधी प्रोबच्या एका टोकाला बोट घासून स्क्रीनची कुठली बाजू हलते ते बघा. एवढाही धीर नसेल तर प्रोब खाली ठेवा.

मिसळ हाणून आलेल्या मित्राचं पित्ताशय शोधू नका, ते आकसलेलं असतं. प्लीहा दिसत नसेल तर आणखी वर, आणखी मागे जा. बोटांची पेरं गादीला टेकली पाहिजेत. गेन (चित्राचा उजळपणा) वाढवून चित्र सुधारत नाही, नुसतं पांढरं होतं.

मित्राच्या पोटात खडा दिसलाच, तर बॅचसमोर बोंब मारू नका. असं काही दिसलं तर कुणाला सांगायचं, हे त्याला आधीच विचारून ठेवा आणि रेडिओलॉजिस्टला दाखवा. निदान करणं तुमचं काम नव्हे.

गर्भवतीवर सराव तर नाहीच. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा १९९४ चा पीसीपीएनडीटी कायदा आहे. तरी पोर्टेबल मशीन रात्री हॉस्टेलवर नेऊया म्हणणारा एखादा हुशार भेटतोच. त्याला मी खोलीतला लिंगनिदान-बंदीचा बोर्ड सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला लावतो.